केरूतात्यांची सोडलेली ओळ

केरूतात्यांचा देवावर विश्वास होता, पण त्याच्या आधी सोडलेल्या ओळीवर होता.

दिंडोरीच्या अलीकडं, कादवेच्या काठाला तात्यांची चार एकर द्राक्षबाग. द्राक्षाचं पीक म्हणजे बाळंतिणीपेक्षा नाजूक, त्यामुळं औषधवाल्यांच्या मोटारसायकली दिवसाला दोन तरी दारात लागायच्या. तात्या कुणाला हाकलत नसत. चहा पाजत, पायरीवर बसवून सगळं ऐकून घेत, नमुन्याची बाटली ठेवून घेत, आणि फवारणी करताना बागेतली सहावी ओळ मुद्दाम कोरडी सोडत. माती तीच, पाणी तेच, ऊन तेच. फक्त औषध नाही. चाळीस दिवसांनी औषधवाला परत आला की तात्या त्याला हाताला धरून सहाव्या ओळीशी नेत.

"तुझं औषध खरं आसंल तर ही ओळ रडंल. नाय रडली तर तू रड."

बहुतेक वेळा औषधवालाच रडायचा. चौऱ्याण्णव साली मात्र एक जण काळं, दाट, चिकट पाणी घेऊन आला. झाकण उघडलं तर मासळीबाजार दारात आल्यासारखा वास. चांगुणाबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, पदर नाकाला लावला आणि बाटली गोठ्यापलीकडं ठेवायला लावली.

"समुद्रातलं शेवाळ हाय तात्या. जपान्यांच्या ताटात असतंय."

"शेवाळ आमच्या हिरीत बी हाय की. फुकाट."

पण फवारलं. आणि त्या जानेवारीत बाकीची बाग नव्या नवरीसारखी हिरवी उभी राहिली, सहावी ओळ तेवढी पिवळी पडून माहेरची वाट बघत बसली. त्या दिवसापासून समुद्राच्या शेवाळाला तात्यांच्या मनात गावदेवाच्या खालोखाल जागा मिळाली. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही लांबून.

मग आला दोन हजार तीनचा एप्रिल आणि खरड छाटणी. वर्षातून दोनदा द्राक्षाला कात्री लागते. एप्रिलमध्ये वेल पार बोडकी करायची, ती खरड छाटणी. आणि ऑक्टोबरात फळासाठी छाटायचं. मांडव डोक्यावर, त्यामुळं छाटणारा दिवसभर हात वर करून उभा. अडुसष्टीचे तात्या तिसऱ्या ओळीत होते, तेव्हा त्यांचा उजवा हात वर गेला तो खाली येईनाच. खांदा धरला. कात्री उगारून तात्या मिरवणुकीतल्या पुढाऱ्यासारखे उभे राहिले. मजूर आधी हसले. मग तात्या मटकन बांधावर बसले, तेव्हा पाणी आणायला पळाले.

थोरल्या मनोजनं बापाला खुर्चीवर बसवलं. कात्री पुसली, तिला तेल दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कपाटात आईच्या लुगड्यांखाली ठेवून किल्ली खिशात घातली.

"तात्या, आता बास. तुम्ही खुर्चीवर बसून सांगायचं."

"आन ऑक्टोबरला?"

"ऑक्टोबरला नारळ तुम्ही फोडा. कात्री मी लावतो."

हे बोलणं तात्यांना खांद्यापेक्षा जास्त लागलं. ऑक्टोबर छाटणीला पहिल्या वेलीपुढं नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि ज्यानं बाग लावली त्यानं पहिली काडी कापायची, ही त्या भागातली रीत. अठ्ठ्याहत्तर सालापासून एकही वर्ष तात्यांनी चुकवलं नव्हतं. एकदा तर अंगात ताप होता, तेव्हा घोंगडी पांघरून कापली होती.

"नारळ तर गुरव बी फोडतो," तात्या म्हणाले. "मपली कात्री दे."

मनोज बापावरच गेला होता. त्यानंही अट घातली. "ऑक्टोबरला मांडवाखाली दहा मिनिटं हात वर धरून उभं राहून दाखवा. लगेच किल्ली देतो."

तात्यांनी त्याच दुपारी गुपचूप करून पाहिलं. पाऊण मिनिटात हात आपसूक खाली आले.

*

जूनच्या सुरुवातीला एका स्कूटरवरून ढुंढिराज सर आले. मनोजला आठवी ते दहावी जीवशास्त्र शिकवलेले. मूळचे पंचवटीतल्या पुरोहितांच्या घरातले, पण यजमानांच्या पोथ्यांपेक्षा बेडकाच्या पोटात जास्त रमले. आता निवृत्त, गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहत. त्यांच्या सुनेनं, सुमेधानं, त्यांना एका साखळीच्या धंद्यात जोडलं होतं. आपण माणसं जोडायची, त्यांनी पुढची जोडायची, आणि सगळ्यांनी मिळून गोळ्या खायच्या. सर विकायला निघाले खरे, पण विकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. एक दावा करत आणि लगेच तो स्वतःच खोडत.

"ह्या कॅप्सुल्स आहेत, तात्या. समुद्री शेवाळाच्या."

तात्या ताठ बसले. एक कॅप्सूल नाकाशी नेली. तोच मासळीबाजार! "आवं, हे तर आपलंच औषध! ह्यानं म्हातारपण जातं?"

"नाही, जात नाही."

"मंग?"

"आपल्या शरीरातल्या पेशींना एक प्रकारचा गंज चढतो असं धरून चाला. तपकिरी शेवाळातली काही द्रव्यं तो गंज कमी करतात, असं आढळलं आहे. म्हणजे... उंदरांमध्ये."

"उंदीर म्हातारे व्हत नाय?"

"होतात. पण जरा उशिरा, असं ह्या कागदात छापलंय."

"आमच्या पोटमाळ्यावरच्या उंदरांना कुणी शेवाळ देत नाय," आतून चांगुणाबाई म्हणाल्या, "तरी मरायचं नाव घेत नाय."

सर मनापासून हसले आणि म्हणाले, "वहिनींचा आक्षेप शास्त्रीय आहे."

तात्यांना मात्र वेलीचं पान दिसत होतं. जानेवारीतलं, हिरवंगार. त्यांनी एकामागून एक प्रश्न टाकले. लिटरला किती? उन्हात घ्यायची का ऊन उतरल्यावर? पावसानं धुऊन जाऊ नये म्हणून वर स्टिकर टाकायचं का? सरांनी प्रत्येकाला गंभीरपणे उत्तर दिलं आणि शेवटी सांगितलं, "आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घ्यायची नाही. शेवाळात आयोडीन असतं. थायरॉइडचं काही असेल तर उलटंच व्हायचं."

दिंडोरीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. "घ्या," तो म्हणाला, "पण फार आशा ठेवू नका."

आशा ठेवायचा प्रश्नच नव्हता. तात्यांना पुरावा पाहिजे होता. आणि पुराव्याला पाहिजे होती सोडलेली ओळ. माती तीच, पाणी तेच, भाकरी तीच. त्यांनी चुलीकडं पाहिलं.

"चांगुणे, तू सोडलेली ओळ."

"म्हंजे तुम्ही कवळे व्हणार आन मी पिवळी पडणार?"

"एक हंगाम. छाटणीपासून माल यायला लागतात तेवढे, एकशे वीस दिवस."

"मी काय येल हाय का मांडवावरची?"

"आगं, तुझ्याबिगर मला कळायचं कसं?"

चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तात्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. चांगुणाबाई वळल्या, भाकरी तव्यावर टाकली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बरं. पण त्या गोळ्याचा वास मपल्या मांडणीत नको."

*

आता दिवस कुठून मोजायचे? द्राक्षाचे सगळे दिवस छाटणीपासून मोजतात. छाटणीनंतर पाचवा दिवस, विसावा, चाळिसावा. ज्याची छाटणी झाली नाही त्याला औषध कसं द्यायचं? तात्या सकाळीच गेणू न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसले.

"गेणू, खरड छाटणी."

"म्हंजे, तात्या?"

"जुनं समदं काढ. मिशी बी."

गेणूचा हात थबकला. मिशी! त्या मिशीवर गावातल्या तीन निवडणुका झाल्या होत्या. आणि घरातलं माणूस गेल्याशिवाय त्या गावात कुणी डोईबरोबर मिशी उतरवत नाही. कोण गेलं हे विचारायची रीत नाही. गेणूचे डोळे भरून आले. त्यानं मुकाट्यानं वस्तरा चालवला, हाताला पैसे लागू दिले नाहीत. तात्यांना वाटलं, पोरगं सुधारलं. ते तिथून परस्पर बागेत ठिबकच्या नळ्या बघायला गेले.

गेणूनं दुकान बंद केलं आणि गाव उघडलं.

अर्ध्या तासात दारात बायका जमल्या. चांगुणाबाई पीठ मळत होत्या. पहिली येऊन गळ्यात पडली. दुसरीही पडली. कोण गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं, पण रडायला सुरुवात झाली की मधे विचारत नाहीत. चांगुणाबाईंनी हिशेब केला: मनोज ओसरीवर उभा आहे, नातवंडं शाळेत आहेत, घरात नाहीत ते तात्या. त्यांनी परात बाजूला सारली आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातल्या म्हशीनं साद दिली.

तेवढ्यात मागच्या दारानं एक तुळतुळीत डोक्याचा, कोऱ्या ओठाचा माणूस आत आला.

"कोण गेलं वं?" त्यानं विचारलं.

चांगुणाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला. परका माणूस आणि आपण अशा अवतारात! "तुम्ही कोणाकडचे?" त्या हुंदक्यात म्हणाल्या.

"तुमच्याकडचा," तात्या म्हणाले.

पुढं जे झालं ते गावात अजून सांगतात. बायकांनी रडणं आवरायचा प्रयत्न केला, पण रडण्याचं हसू झालं आणि ते काही आवरेना. एकीला तर ओसरीवर आडवं करून वारा घालावा लागला. आणि दुपारी हे निवतंय न निवतंय तोच वळणावरून आवाज आला, "माझ्या भावा रं!" लासलगावला दिलेली धाकटी बहीण बायडाबाई. कुणीतरी फोन केला होता, ती मिळेल त्या कांद्याच्या गाडीत बसून आली होती. गोण्यांवर बसून, निफाडपासून रडत.

"बायडे, भाऊ हितंच हाय."

बायडाबाईनं पाहिलं. हातातल्या पिशवीनं भावाच्या बोडक्या डोक्यावर दोन टोले दिले. "मेल्या! येवढ्या लांबून रडत आले, आता उरलेलं कुणाला रडू?"

"राहू दे ठिवून. आज ना उद्या लागंलच."

बायडाबाई दोन दिवस राहून, पुरणपोळी खाऊन गेली. तात्यांनी फवारणीच्या वहीत लिहिलं: दिवस शून्य. छाटणी झाली.

*

दर दहाव्या दिवशी सकाळी सहाला मांडवाखाली पाहणी. दोघांनी शेजारी उभं राहायचं, हात वर करून बोटं तारेला टेकवायची, भार द्यायचा नाही. मनोजचं घड्याळ खुंटीला टांगलेलं. सर रविवारी आले की पंच म्हणून बांधावर बसत. चांगुणाबाई हात वर असताना बोलायच्या थांबत नसत.

"काय वं औषध मारलेली ओळ, कापाया लागली का?"

"बोलू नको. दम जातो."

"सोडलेल्या ओळीचा नाय जात."

दहाव्या दिवशी वहीत नोंद झाली: मारलेली ओळ एक मिनिट, सोडलेली दीड. तात्या म्हणाले, औषध भिनायला वेळ लागतो. विसाव्या दिवशी दीड आणि अडीच. तात्या म्हणाले, ढगाळ हवा आहे. चाळिसाव्या दिवशी तात्या तीन मिनिटांना खाली बसले, आणि चांगुणाबाई पाच मिनिटं झाली तरी उभ्या, शिवाय बांधावरच्या शेजारणीशी लोणच्याच्या फोडींबद्दल बोलत.

तात्यांनी वही मिटली. असं बागेत कधी झालं नव्हतं. कोरडी ओळ फुटावी आणि फवारलेली झुरावी? एकच अर्थ निघत होता. ही गोळ्या चोरते. त्यांनी बरणीच्या झाकणावर केस चिकटवला. दुसऱ्या दिवशी केस जागच्या जागी. त्यांचा स्वतःचाच, नव्यानं फुटलेला, पांढरा.

"तुमचं औषध उलटं हाय," त्यांनी रविवारी सरांना बांधावर गाठलं. "ज्याला नाय दिलं त्याला लागू पडतं."

सरांनी चष्मा पुसला. काडीनं मातीत दोन गोल काढले, परत पुसले. "तात्या, वहिनी दिवसभर काय करतात?"

"काय म्हंजे? बायकांची कामं."

"उदाहरणार्थ?"

तात्या आठवू लागले. पहाटे म्हैस. मग फळीवरचे डबे. धुणं, दोरीवर. माळ्यावरच्या गोवऱ्या. शिंक्यातलं दूध. बोलता बोलता त्यांचा स्वतःचाच हात वर वर जाऊ लागला.

"आणि तुम्ही?"

"मी खुर्चीवर. मनोजनं बसवलंय."

"शरीर फार काटकसरी असतं," सर म्हणाले. "जो स्नायू वापरत नाही, तो ते मोडून खातं. वापरला की राखतं. नव्वदीतल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा वजनं उचलली तर त्यांच्या मांड्या भरतात. आणि हे उंदरांत नाही हां, माणसांत पाहिलेलं आहे."

"आन शेवाळ?"

सरांनी हातातली काडी टाकून दिली. "शेवाळाचं मला माहीत नाही. माणसांवरचा धड पुरावा मी अजून पाहिला नाही."

"मंग इकता कशाला?"

"सुमेधानं जोडलं. सात माणसं जोडायची होती. तुम्ही पहिले."

"आन दुसरा?"

"दुसरा अजून मिळाला नाही," सर म्हणाले आणि असे हसत सुटले की चष्मा मातीत पडला. एक मोठं ओझं उतरलं होतं. संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन करून साखळीतून नाव काढायला सांगितलं, आणि पुढं रविवारी यायचे ते फक्त ठेचा-भाकरीला.

तात्यांनी गोळ्या सोडल्या नाहीत. अर्ध्यात फवारणी थांबवली तर कळणार काय? पण त्या दिवशी ते खुर्चीवरून उठले. चांगुणाबाई पिळे घेऊन दोरीकडं निघाल्या होत्या, त्यांच्या हातातली बादली तात्यांनी घेतली.

"आवं! लोक बघतील!"

"बघू दे. मपला बी खांदा हाय."

लोकांनी पाहिलं. केरूतात्या नऊवारी लुगडं दोरीवर झटकून टाकतायत. गेणू तर दुकान सोडून आला. तात्यांनी फळीवरचे डबे उतरवले, पुसले, परत चढवले, आणि उतरवायला काही उरलं नाही तेव्हा शेजारणीचेही उतरवले. दोन बरण्या फुटल्या. चांगुणाबाई डोक्याला हात लावून बसल्या. "आता मी कवा हात वर करू? सोडलेल्या ओळीचं पाणीच तोडलं की तुम्ही!" मग वाटणी झाली. सकाळचं धुणं तात्यांचं, गोवऱ्या चांगुणाबाईंच्या, शिंकं एक दिवसाआड.

ऐंशीव्या दिवशी नोंद झाली: मारलेली सात, सोडलेली आठ.

*

ऑक्टोबरात, एकशे विसाव्या दिवशी, पहिल्या वेलीपुढं जत्रा भरली. मनोज खिशातल्या किल्लीवर हात ठेवून. सर घड्याळ धरून. गेणू होताच, न बोलावता. बायडाबाई लासलगावहून आली, ह्या वेळी न रडता.

"दहा मिनिटं, तात्या," मनोज म्हणाला. "एक सेकंद कमी चालणार नाही."

तात्यांनी हात वर केले. शेजारी चांगुणाबाईंनीही केले.

"आई, तू कशाला? तुझी काही अट नाही."

"सोडलेली ओळ नको व्हय? निकाल कसा लागायचा?"

पाच मिनिटं सहज गेली. सात झाली, तात्यांच्या कपाळावर घाम आला. आठव्याला उजवा खांदा थरथरायला लागला, तोच, एप्रिलमधला. मनोज एक पाऊल पुढं आला. तात्यांनी डोळे मिटले.

"आवं," चांगुणाबाई हलकेच म्हणाल्या, "तुम्ही कोणाकडचे?"

तात्यांच्या पोटातून हसू उसळलं. हात खाली यायच्या बेतात होता, पण हसता हसता खांद्यातली गाठच सुटली. नऊ मिनिटं. "तुमच्याकडचा," ते दम खात म्हणाले.

"दहा!" सर ओरडले.

हात खाली आले नाहीत. मनोजनं किल्ली काढली, तरी नाही. "तात्या, झालं, घ्या खाली!"

"आधी सोडलेली ओळ."

"आधी मारलेली," चांगुणाबाई म्हणाल्या.

अकरा झाली. बारा झाली. दोघं लालबुंद, एकमेकांकडं बघत, कुणी हलेना. सर कळवळून म्हणाले, प्रयोग संपला आहे. कोण ऐकतो? शेवटी बायडाबाई कंटाळली. ती मागून आली आणि एका हातानं भावाच्या, एका हातानं भावजयीच्या काखेत गुदगुल्या केल्या. दोन्ही ओळी एकदम जमीनदोस्त झाल्या. बांधावर बसून दोघं हसत राहिले, आणि मांडवावरचे होले उडून गेले.

मनोजनं कात्री आणली. तिला लुगड्यातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. तात्यांनी पहिल्या वेलीची काडी धरली, डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, पाहिला, कात्री लावली, आणि थांबले.

"चांगुणे, अठ्ठ्याहत्तरला हिर नव्हती आपल्याला."

"नव्हती."

"ह्या येलींना कादवेवरनं पाणी कोण आणायचं?"

"कोण आणणार? मीच. डोक्यावर हंडा, वर कळशी. दोन्ही हात वर." त्या आपल्याच, आपसूक वर गेलेल्या हातांकडं बघत राहिल्या.

"मंग बाग कुणी लावली?" तात्यांनी कात्री चांगुणाबाईंच्या हातात दिली.

"मला नाय येत!"

"हा डोळा. त्याच्या वर काप."

चांगुणाबाईंनी कापलं. एक डोळा जास्तच गेला. मनोजनं च् केलं. तात्या म्हणाले, "राहू दे. फुटंल."

पुढची काडी तात्यांनी कापली, आणि मग संध्याकाळपर्यंत खुर्चीकडं फिरकले नाहीत. त्या सालापासून सहावी ओळ चांगुणाबाईंची झाली. छाटणी त्यांची, निकाल त्यांचा.

तात्यांनी रात्री वहीत शेवटची नोंद केली: औषधाचं काही कळलं नाही. दोन्ही ओळी जोमात.

एक बरणी गोळ्या उरल्या होत्या. चांगुणाबाईंनी त्या मागच्या दारी नेल्या. तिथं कढीपत्त्याची दोन झाडं होती, सारख्या उंचीची. त्यांनी सगळ्या गोळ्या फोडून डावीकडच्याच्या बुडात घातल्या. उजवीकडचं मुद्दाम सोडलं.